आप्पा निघाले

आमच्या गावात माझ्या शाळेला विलायती शाळा म्हणत. ही विलायत इगतपुरीच्या पुढे, डोंगरावर होती. निफाडकडून सकाळी जीपने निघालं की जेवणाच्या वेळेला पोचायचं. साहेबाच्या काळातले दोन बंगले, एक पत्र्याचं लांबट सभागृह आणि उतारावर मुलींचं वसतिगृह, एवढाच पसारा. फलकावर मात्र 'इंटरनॅशनल' असं लिहिलेलं. सगळी मिळून मुलं इतकी थोडी, की आमच्याकडच्या लग्नातली एक पंगतसुद्धा भरली नसती. पण देशोदेशींची होती हे खरं. माझ्या खोलीत एक कोरियाची होती, एक नैरोबीची गुजराती, एक मस्कतहून आलेली मल्याळी. आणि मी, द्राक्षवाल्याची.

मला तिथं घालायचं खूळ आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. नव्वदनंतरची ती वर्षं. आमच्या भागातली द्राक्षं बोटीतून परदेशी जायला लागली होती. माल बघायला एक परदेशी माणूस आमच्या द्राक्षं भरायच्या शेडवर यायचा. पेटीतला घड उचलायचा, मणी दाबून बघायचा, इंग्रजीत काहीतरी बोलायचा आणि पेटी बाजूला ठेवायचा. आप्पा मान डोलवायचे. पेटी पसंत पडली म्हणून बाजूला ठेवली की नापसंत म्हणून, हे त्यांना संध्याकाळी दलाल आल्यावर कळायचं. एकदा नापसंत पेट्यांच्या ढिगापुढे उभं राहून ते त्या माणसाला हसत हसत "यस, यस" म्हणत राहिले. मी तिथंच होते. त्या दिवशी जेवताना ते आईला म्हणाले, "माझी पोर अशी यस यस करनार नाय."

"म्हनून काय पोरीला एवढ्या लांब टाकायची?" आई म्हणाली.

"टाकायची कशाला? शिकायला घालायची."

झालं, विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपायचे. मला कुणी विचारलं नाही, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये मला सोडायला आप्पा एकटेच आले. आईला घाट लागतो. डोंगरावर धुकं असं उतरलेलं की फाटकाशी उभं राहून फलक वाचता येईना. आप्पांनी ट्रंक उतरवली, वसतिगृहाच्या पायरीवर ठेवली, टोपी काढून पुन्हा घातली. मग जीपमध्ये चढता चढता म्हणाले, "येतो गं." धुक्यात जीप दिसेनाशी झाली तरी तिचा हॉर्न ऐकू येत होता. आमच्या जीपचा हॉर्न बिघडलेला होता. एकदा दाबला की तो आधी घसा खाकरायचा आणि मग वाजायचा.

माझ्या शेजारी आमची हाऊसमदर उभी होती. कुठल्याशा थंड देशातली, पन्नाशीची, उंच आणि हडकुळी बाई. मुली तिला आंटी म्हणायच्या. तिनं मला विचारलं, वडील जाताना काय म्हणाले?

"ही सेड, आय ॲम कमिंग," मी म्हणाले.

"बट ही इज गोइंग," आंटी म्हणाली.

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्यात जातो म्हणत नाहीत. निघताना येतो म्हणायचं. गोइंग इज नॉट गुड वर्ड. का चांगला नाही, ते तिनं विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं. तिला ती गंमत फार आवडली. त्या दिवसापासून रोज रात्री प्रार्थना झाली की ती आमच्या खोलीचा दिवा बंद करायची आणि दारातून म्हणायची, "येते!" 'ये'वर नको इतका जोर द्यायची. कोरियाची मुलगीही मग तसंच म्हणायला लागली. मराठीतला तो एकच शब्द त्या सगळ्यांना यायचा.

शाळेबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. लोकांना वाटतं डोंगर, धबधबे, परदेशी मैत्रिणी, काय मजा असेल. मला आठवतो तो न वाळलेल्या कपड्यांचा वास. इगतपुरीचा पाऊस सप्टेंबर सरला तरी हटत नाही. मोजे ओले, गादी दमट, ट्रंकेच्या आतल्या बाजूला पांढरी बुरशी. सकाळी ओट्सचं खिमट मिळायचं, तान्ह्या बाळाला देतात तसं, आणि तेही काट्याचमच्याच्या शिस्तीत खायचं. खालून घाटातल्या रेल्वेगाड्यांचा आवाज यायचा. मागून ढकलणारं इंजिन जोडलं की आवाज जड व्हायचा. मी वर्गात बसून ते ऐकायचे. मला कुणी त्रास दिला नाही. कुणी मारलं नाही, चिडवलं नाही. फक्त माझ्याशी बोललेलं मला अर्धवट कळायचं आणि मी मान डोलवायचे. शेडवर आप्पा डोलवायचे, तशीच.

रविवारी दुपारी घरचे फोन यायचे. ऑफिसात फोनपाशी रांग लावून बसायचं. आई फोनवर आली की विचारायची, "जेवली का?" मी हो म्हणायचे. मग ती पुन्हा विचारायची, "पोटभर?" तेवढ्यात आप्पा फोन घ्यायचे. एका रविवारी मी त्यांना सांगून टाकलं, "आप्पा, मला इथं नाही राहायचं." मागे मुली रांगेत होत्या, पण मराठी कुणाला कळत होतं?

"दिवाळीपोत काढ," ते म्हणाले. "तवर नाय ना करमलं, तर मी सोता येतो न्यायला. मंग निफाडच्या शाळेत जा."

"नक्की?"

"आता लेकीशी काय खोटं बोलू का?"

शाळेला दिवाळीची सुट्टी नव्हती, नाताळची होती. म्हणजे दिवाळीत आप्पा आले तर ते न्यायलाच आले, सुट्टीला नव्हे. हे मी आंटीला सांगितलं. तिनं माझ्या गालाला हात लावला, म्हणाली, बघू. पण मी 'बघू' म्हणण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. मला करमणार नव्हतंच. करमू नये म्हणून मी काळजीही घेत होते. कोरियाच्या मुलीशी माझं चांगलं जमायला लागलं होतं, ते मी मुद्दाम कमी केलं.

ऑक्टोबरात आभाळ उघडलं. एका सकाळी समोर कळसूबाईचा डोंगर स्वच्छ दिसायला लागला. घरी बागेची छाटणी उरकली असणार, आता आप्पांना सवड झाली असेल, असा मी हिशेब केला. दिवाळी तोंडावर आली होती. शाळेच्या ऑफिसात मराठी येणारे एकच क्लार्क होते, ते सणासाठी आपल्या गावी गेले होते. त्यामुळे फोन आंटीच घ्यायची.

त्या दिवशी आम्ही ओट्सवर बसलो होतो. आंटी जवळजवळ पळतच आली. ती कधी पळायची नाही. माझ्या खुर्चीमागे उभी राहून माझे खांदे धरून म्हणाली की तुझ्या काकांचा फोन होता. युवर फादर हॅज लेफ्ट. द जीप इज कमिंग. आवर, तयार हो.

काका माझे बारावीपर्यंत शिकलेले. घरात त्यांचंच इंग्रजी चालायचं.

मी चमचा तिथंच टाकला. त्या सकाळइतका आनंद मला आयुष्यात पुन्हा झालेला नाही. हे मी विचार करून लिहिते आहे. मी ट्रंक काढली आणि कपाट रिकामं करायला घेतलं. वरचा पलंग, खिडकीकडचा, कोरियाच्या मुलीला पहिल्यापासून हवा होता. तो मी तिला देऊन टाकला. आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी नैरोबीच्या गुजराती मुलीला दिली. छत्री मस्कतच्या मुलीला. मला छत्रीचं काय काम? निफाडला पाऊस पडतोच कितीसा!

मग मी पायरीवर ट्रंकेवर बसले आणि आप्पांची वाट बघायला लागले. नुसती नाही बघितली. त्यांना रस्त्यानं आणलं. आप्पांच्या वाटेवरचे थांबे मला पाठ होते. आत्ता चांदोरीला असतील, केळी घेत असतील, कारण प्रवासात त्यांना केळी लागायचीच. आत्ता नाशिकला. तिथं ते ठरलेल्या टपरीवर मिसळ खाणार आणि तर्री दुसऱ्यांदा मागणार. खाऊ दे, घाई नाही. मग पाथर्डी फाटा, मग वाडीवऱ्हे, मग घोटी. घोटीला ते जीपमध्ये पाणी घालतील, कारण घोटीपर्यंत आमची जीप तापतेच. मी त्यांना घोटीला थोडा जास्त वेळ थांबवलं. घाईत घाट चढायला नको म्हणून.

आंटी येऊन शेजारी बसली. मी उठून वसतिगृहाकडे, सभागृहाकडे, डोंगराकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "जाते!"

"नो, नो," आंटी हसत म्हणाली. "येते!"

"नाही," मी म्हणाले. "जाते." जन्मात पहिल्यांदा मी तो शब्द असा मोकळेपणी म्हटला. मला तिथं परत यायचंच नव्हतं, मग येते कशाला म्हणू? मी म्हटलं म्हणून काही झालं नाही. जे व्हायचं ते पहाटेच होऊन गेलं होतं. हे मला कळतं, आणि तेव्हापासून मी तो शब्द उच्चारलेला नाही, हेही खरं आहे.

घसा खाकरून हॉर्न वाजला. मी फाटकाकडे धावत सुटले. जीप थांबली आणि मामा उतरले. गाडी चालवायला वस्तीवरचा कुणी ओळखीचा होता. मी मागचा पडदा वर करून बघितलं. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे होते, आणि एक दोर.

"आप्पा कुठंयत?"

"घरी हायेत," मामा म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी ट्रंक उचलून मागे टाकली, आंटीकडे बघून हात जोडले आणि निघाले. आंटीलाही त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

मी वाटभर बोलत होते. आप्पा का नाही आले, छाटणी राहिली का, काका फोनवर असं का म्हणाले, असे प्रश्न मी विचारले आणि त्यांची उत्तरंही मीच दिली. मजूर आले असतील, ऐन वेळेला थांबावं लागलं असेल. मामा "हं" म्हणायचे. निफाडच्या शाळेत मी कुणाजवळ बसणार, ते मी त्यांना सांगितलं. नाशिकला मिसळीच्या टपरीसमोरून जीप सरळ पुढे गेली. मी म्हटलं, "मामा, भूक लागली." चांदोरीला मामांनी जीप थांबवली, मला केळी घेऊन दिली आणि हातपंपावर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले. परत आले तेव्हा सदरा पुढून भिजला होता. ऊन फार आहे, असं मला वाटलं. मी केळी खाल्ली. दोन आप्पांसाठी ठेवली.

आमच्या खळ्यात माणसंच माणसं. इतकी माणसं आमच्याकडे फक्त माल तोडायच्या वेळी जमायची, आणि माल तर अजून चार महिने लांब होता. पुरुष कुडाला टेकून गप्प उभे होते. बायका आत होत्या. मी केळी हातात घेऊन त्यांच्यामधून गेले. एक म्हातारी माझ्याकडे बघून दुसरीला म्हणाली, "ही लेक. हिला कुनी सांगितलं नाय वाटतं, बाप गेला म्हनून."

गेला. वेंट. लेफ्ट.

मला सगळ्यात आधी ते इंग्रजी कळलं. काका फोनवर काय म्हणाले असतील ते मला ऐकूच आलं. फादर वेंट. जीप कमिंग. मराठीत मनाशी जुळवून त्यांनी शब्दाला शब्द ठेवला होता, आणि आंटीनं तो तसाच्या तसा उचलून मला दिला होता. कुणाचीच चूक नव्हती. गणिताचं उत्तर मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळावं, तेवढंच मला वाटलं. बाकी काही वाटलं नाही. पुढे बघते तर आप्पा होते. पहाटे बागेत पाण्याची मोटर चालू करायला गेले आणि छातीत कळ आली, एवढंच झालं होतं.

मी रडले नाही. बायकांनी फार प्रयत्न केले. "पोरीला रडवा गं, आत बसंल तिच्या," असं म्हणून एका आत्यानं माझ्या पाठीत चांगला धपाटा घातला. दुसरीनं मला कवटाळून आप्पांचे गुण गायला सुरुवात केली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. कुणीतरी माझ्या हातातली केळी काढून घेतली. आई कोपऱ्यात बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जेवली का?"

मी हो म्हणाले.

तेरावं झाल्यावर मला वाटलं आता मी इथंच. कुणी काही बोललं नव्हतं, पण दुसरं काय होणार? मी निफाडच्या शाळेच्या वेळा विचारून ठेवल्या होत्या. एका सकाळी आईनं ट्रंक काढली आणि माझे कपडे भरायला घेतले.

"आई, आप्पा मला न्यायला येणार होते. तिथून कायमचं."

"त्यांनी घातलंय तुला तिथं," आई म्हणाली. "मी कोन काढनारी?"

"पण ते म्हणाले होते."

"मला नाय म्हनले."

तिला ते खरंच म्हणाले नव्हते. तो शब्द फक्त माझ्याजवळ दिलेला होता, आणि देणारा माणूस नव्हता. मी वाद घातला नाही. मला वाद घालावासाच वाटेना. निघताना उंबऱ्यात आई उभी राहिली, मी काय म्हणते त्याची वाट बघत. येते म्हणावं तर यावंसं वाटत नव्हतं, आणि दुसरा शब्द त्या घरात आता कोण उच्चारणार? मी म्हणाले, "बाय." त्यात जाणंही नाही आणि येणंही नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना बायच म्हणते.

शाळेत कोरियाची मुलगी माझा पलंग सोडायला निघाली होती. मी नको म्हटलं, खालचा घेतला. चटणी संपली होती. आंटीनं मला जवळ घेतलं. तोवर शाळेला खरी बातमी पोचली होती, पण आंटीनं ती आपल्या परीनं जुळवून घेतली होती. ती म्हणाली, तुला न्यायला निघालेले आणि वाटेतच असं व्हावं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तिला दुरुस्त केलं नाही. त्या रात्री दिवा बंद करताना ती दारात थांबली. नेहमीचा शब्द तिच्या तोंडाशी आला असावा. मग ती "गुड नाइट" म्हणाली, आणि पुढेही तेच म्हणत राहिली.

मी दहावीपर्यंतची वर्षं तिथं काढली. चांगली शिकले. खिमट खाल्लं, डोंगर चढले, नाटकात काम केलं, बक्षिसं घेतली. फोटोत मी हसतेही आहे. ती सगळी वर्षं मला काचेपलीकडून बघितल्यासारखी आठवतात. कधी वाईट वाटलं नाही. चांगलंही वाटलं नाही. कुणाच्या लग्नात बायका रडायला लागल्या की मी ताटं मोजायला उठते. घरचे म्हणतात, शाळेनं हिला दगड केलं. त्यांना तसं वाटू दे. शाळेचा त्यात काही हात नव्हता.

दोन हजारनंतर शेडवर परदेशी माणसं आली की मीच उभी राहायचे. आप्पांना हवं होतं तसं झालं. घड उचलून तो माणूस काही बोलला की मी त्याला त्याच्याच भाषेत वर चार शब्द ऐकवायचे. एका हंगामात आमचा कंटेनर बंदरावर अडकून पडला. सगळं घर त्याच्यावर डोळे लावून बसलं होतं. एका दुपारी फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, द कंटेनर हॅज लेफ्ट. मी फोन ठेवला. आई शेडच्या दारात पेटीवर बसून होती.

"काय म्हनला?"

"गेला," मी म्हणाले.

आई पेटीवरून अर्धी उठली. "गेला काय म्हनती? निघाला का?"

"हो. निघाला."

"मंग निघाला म्हन की. इंग्रजी शिकली आन् मराठी इसरली."

मी तिच्याशेजारी बसले. का कोण जाणे, मी तिला सांगायला लागले. काकांचा फोन, आंटी, ओट्स, लेफ्ट. तोवर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी ते नुसतं सांगितलं, माल कसा भरला ते सांगावं तसं. सांगून झाल्यावर आईनं पदराच्या टोकाला गाठ मारली आणि सोडली.

"म्हंजी त्या दिशी," ती म्हणाली, "तुला वाटलं ते निघाले?"

"हो."

"न्यायला?"

"हो. मी सामान भरून बसले होते."

मग अगदी हळू, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात तिनं विचारलं, "कुठवर आले होते?"

मला केळी आठवली, मिसळ आठवली, घोटीला जीपमध्ये घातलेलं पाणी आठवलं. "फाटकापर्यंत," मी म्हणाले. "हॉर्न वाजला तोवर तेच होते."

"मंग आलेच होते की," आई म्हणाली.